टेप धावती ठेवण्याची विद्या : प्रस्तावना

ठाणे स्थानकातला बूटपॉलिशवाला शेवटचा हात मारताना कापडाची पट्टी दोन्ही टोकांना धरतो आणि बुटाच्या नाकावरून झपाझप पुढे-मागे ओढतो. ही हालचाल ज्याने पाहिली आहे त्याला या पुस्तकाच्या विषयाचा निम्मा भाग आधीच ठाऊक आहे. चुंबकीय टेपवर लिहिणाऱ्या यंत्राला पुरेशा वेगाने डेटा मिळाला नाही की ते टेप थांबवते. धावती टेप जागच्या जागी थांबत नाही, ब्रेक लागेपर्यंत थोडी पुढे निघून जाते. मग यंत्र तिला मागे आणते, लिखाण जिथे तुटले त्या जागेच्याही अलीकडे नेते, तिथून पुन्हा वेग घेते आणि पुढचा घास लिहिते. तो घास संपला की पुन्हा तेच. हेडवरून टेप अशी घासत राहते म्हणून इंग्रजी बोलणाऱ्या अभियंत्यांनी या दुखण्याला बूटपॉलिशचेच नाव दिले. आमच्या रात्रपाळीत "तीन नंबरचा ड्राइव्ह पॉलिश करतोय" एवढे म्हटले की पुढचे सांगावे लागत नसे.

मोठ्या डेटाचा बॅकअप टेपवर लवकर कसा घ्यावा, हा या पुस्तकाचा विषय. विषय ऐकल्यावर बहुतेकांचा पहिला प्रश्न असतो, "अजून टेप वापरतात?" प्रश्न विचारणाऱ्याच्या डोळ्यांसमोर असते ती गाण्यांची कॅसेट, आणि तिची सुटलेली फीत पेन्सिल घालून गुंडाळणारे आपले लहानपण. वापरतात. एलटीओ नावाच्या टेपच्या नवव्या पिढीचे, तळहातावर मावणारे एक कार्ट्रिज १८ टेराबाइट डेटा घेते. लिहून झाल्यावर ते कपाटात ठेवले की विजेचे बिल शून्य, आणि कोणत्याही चोराला जाळ्यावरून त्याला हात लावता येत नाही.

शेवटच्या वाक्याचे महत्त्व आमच्या भागाने जवळून पाहिले आहे. २७ जून २०१७ रोजी जगभर पसरलेल्या एका संगणकी हल्ल्यात न्हावा-शेव्याच्या जेएनपीटी बंदरातले एक कंटेनर टर्मिनल बंद पडले. टर्मिनल चालवणाऱ्या डॅनिश कंपनीचे जगभरचे जाळे ओळखीच्या यादीवर चाले. कोण कर्मचारी, कोणाला कुठे प्रवेश, हे ठरवणारी ती यादी दीडशेच्या आसपास सर्व्हरवर होती आणि सगळेच एकदम पुसले गेले होते. प्रत्येक सर्व्हर दुसऱ्याची प्रत ठेवत होता, पण सगळे एकत्रच गेल्यावर प्रत उरणार कुठे. एक सर्व्हर मात्र वाचला. तो आफ्रिकेत घानामध्ये होता आणि हल्ल्याच्या वेळी तिथली वीज गेलेली होती. पुढची गोष्ट आपल्या विषयाची आहे. घानाच्या तारेवरून तो डेटा इंग्लंडला पाठवायचा तर कित्येक दिवस लागणार होते, म्हणून शेवटी एका माणसाने डिस्क हातात घेऊन विमान पकडले. प्रत असणे आणि प्रत वेळेत हाती येणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलीवर पुष्कळ लिहिले जाते. दुसरीवर मराठीत मला काही सापडले नाही, म्हणून हा खटाटोप.

मी माजिवड्याला राहतो. मुंबईहून येणारा पूर्व द्रुतगती मार्ग इथे संपतो आणि पुढे नाशिकचा रस्ता लागतो. डावीकडे घोडबंदर रोड फुटतो, बाळकूम-कशेळीवरून भिवंडीचा माल येतो, आणि या सगळ्यांच्या डोक्यावर पूल व मेट्रोचे खांब उभे आहेत. खिडकीतून हा नाका रोज दिसत असल्याने मला एक सवय लागली. गाड्यांचा वेग पाहायचा नाही, त्या किती वेळा थांबतात ते मोजायचे. इथून खाडीपलीकडे ऐरोली, रबाळे, महापे अशी डेटा सेंटरची रांग आहे. ठाणे-बेलापूर रस्त्यावर पूर्वी रसायनांच्या कारखान्यांचे वास येत, आता बिनखिडक्यांच्या इमारतींवर शीतयंत्रे घरघरतात. माझ्या नोकरीची बरीच वर्षे अशाच इमारतींत रात्रपाळीत गेली. पुढच्या प्रकरणांचा कच्चा मसुदा म्हणजे त्या काळातल्या वह्या.

या परिसरातल्या माणसाला बॅकअप का घ्यायचा हे पटवावे लागत नाही. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझच्या वेधशाळेत चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस मोजला गेला, उल्हास नदी कल्याण-बदलापुरात घुसली आणि तळमजल्यावर ठेवलेले सर्व्हर पाण्याखाली गेले. २१ जून २०१२ ला मंत्रालयाला आग लागली आणि कागदी फायलींची राख झाली. त्यानंतर सरकारी कार्यालयांत स्कॅनिंगचा जो सपाटा लागला त्याने एक नवाच प्रश्न निर्माण केला. कागद सुरक्षित झाले, पण त्यांच्या कोट्यवधी लहान-लहान चित्रफायली झाल्या. त्या टेपवर चढवताना काय होते ते पुढे येईलच.

थोडा इतिहास सांगतो, कारण आजच्या दुखण्याचे मूळ तिथे आहे. आयबीएमने १९५२ मध्ये ७२६ हे टेपयंत्र आणले. अर्धा इंच रुंदीची फीत सेकंदाला ७५ इंच धावे आणि दर इंचावर शंभर अक्षरे मावत, म्हणजे सेकंदाला ७,५०० अक्षरे. त्या यंत्राची खरी करामत मात्र वेगात नव्हती. फीत गुंडाळलेल्या चकत्या जड, त्यांना झटकन थांबवले तर फीत तुटायची. म्हणून दोन्ही बाजूंना उभ्या नळ्या ठेवून त्यांत हवेच्या ओढीने फितीचा एक सैल झोळ लोंबता ठेवला. हेडजवळचा लहानसा तुकडा काही मिलिसेकंदांत थांबे व सुटे, आणि चकत्या सावकाश मागून येऊन झोळ भरून काढत. त्या काळच्या चित्रपटांत संगणक म्हणून जी कपाटे दाखवत, ज्यांच्या चकत्या गिरकी घेत-थांबत असत, ती हीच. कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६४ साली सीडीसी ३६०० हा मोठा संगणक आला तेव्हा त्याच्याही दिमतीला टेपयंत्रे होती. ही यंत्रे घासाघासाने जेवणारी होती. डेटा येईल तसा घेत आणि थांबल्याबद्दल तक्रार करत नसत.

पुढे यंत्रे लहान आणि स्वस्त करायची निकड आली तेव्हा हवेच्या नळ्या गेल्या. त्यांच्या जागी आलेल्या यंत्रांना स्ट्रीमर म्हणू लागले, कारण फीत एका संथ प्रवाहात धावत राहील हे त्यांनी गृहीत धरले होते. जलद थांबणे-सुटणे ही कला त्यांनी सोडून दिली आणि त्या बदल्यात घनता मिळवली. सौदा फायद्याचाच होता. मात्र त्याची एक अट यंत्राच्या माहितीपत्रकात ठळक अक्षरांत कधी छापली गेली नाही : प्रवाह तुटता कामा नये. आजही आपण याच सौद्याच्या अटी पाळत आहोत, किंवा न पाळल्याचा दंड भरत आहोत.

हिशेब करून पाहू. एलटीओची पहिली पिढी २००० साली आली. तिचे कार्ट्रिज १०० जीबीचे आणि वेग सेकंदाला २० एमबी, म्हणजे ते भरायला साधारण दीड तास. २०१० सालची पाचवी पिढी १.५ टीबी आणि १४० एमबी, तीन तास. २०१७ ची आठवी पिढी १२ टीबी आणि ३६० एमबी, सव्वानऊ तास. २०२१ ची नववी १८ टीबी आणि ४०० एमबी, साडेबारा तास. २०२५ मध्ये दहावी आली, ती ३० टीबी घेते आणि वेग चारशेवरच आहे, म्हणजे वीस तासांच्या वर. पहिल्या आणि नवव्या पिढीत धारणक्षमता १८० पट वाढली, वेग फक्त वीस पट. घडा मोठा होत गेला आणि नळाची तोटी त्या मानाने वाढली नाही. रात्री अकराला सुरू केलेला बॅकअप सकाळी कार्यालय उघडायच्या आत संपला पाहिजे, या जुन्या शिस्तीवर त्यामुळे ताण आला आहे.

आकडे डोळ्यांसमोर यावेत म्हणून आणखी एक हिशेब. नवव्या पिढीच्या कार्ट्रिजमध्ये १,०३५ मीटर फीत असते आणि तिच्यावर ८,९६० मार्गिका आखलेल्या असतात. हेड एका वेळी ३२ मार्गिकांवर लिहिते, म्हणून सगळी फीत भरायला ती २८० वेळा या टोकापासून त्या टोकापर्यंत न्यावी लागते. भिवंडीच्या मागावर धोटा इकडून तिकडे, तिकडून इकडे पळतो तसे. १,०३५ मीटर गुणिले २८० म्हणजे सुमारे २९० किलोमीटर. माजिवडा नाक्यावरून नाशिकला जाऊन परत यावे इतका फितीचा प्रवास, एका कार्ट्रिजसाठी, साडेबारा तासांत. हा वेग सेकंदाला सहा मीटरच्या थोडा वर पडतो. १९५२ ची फीत सेकंदाला दोन मीटरच्या जरा आत धावत होती. म्हणजे सत्तर वर्षांत फितीचा पळण्याचा वेग जेमतेम तिप्पट झाला आणि लिहिण्याचा पन्नास हजार पटींहून अधिक. बाकी सगळी वाढ अक्षरे बारीक करून आणि एकाच वेळी अनेक ओळी लिहून मिळवलेली आहे.

आता दुखण्याकडे. पॉलिश टाळण्यासाठी एलटीओ यंत्रे आपला वेग डेटाच्या आवकीप्रमाणे कमी करतात. पण त्यालाही तळ आहे. ३६० एमबीच्या यंत्राला सेकंदाला शंभर एमबीच्या थोडे वरपर्यंत खाली उतरता येते, मॉडेलप्रमाणे आकडा बदलतो. त्याहून कमी आवक झाली की थांबणे अटळ. एका थांब्याला, मागे जाऊन पुन्हा वेग घेईपर्यंत, दोन-तीन सेकंद जातात. जुन्या, लहान बफरच्या यंत्रांत या सेकंदांत डेटाही खोळंबून राही, आणि त्यामुळे आवक ६० असली तरी टेपवर ३०-४० च पडत. आजच्या यंत्रांत एक जीबीच्या आसपास बफर असतो, यंत्र मागे-पुढे करत असताना आवक त्यात साठते आणि एकूण वेळ फारसा बिघडत नाही. म्हणून काही जाणकार म्हणतात की पॉलिशची भीती आता जुनी झाली. मला हे अर्धेच पटते. वेळ वाचतो हे खरे, पण हेड आणि फीत झिजतात. मी सांभाळलेल्या टेप-लायब्ररींत जे ड्राइव्ह सर्वांत आधी क्लीनिंग टेप मागू लागले ते सर्वांत जास्त काम करणारे कधीच नव्हते. ते सर्वांत कमी डेटा मिळणारे होते.

एक अनुभव सांगतो. एका संस्थेत बॅकअपला रात्र पुरेना. व्यवस्थापनाने दोन पिढ्या पुढचा ड्राइव्ह घेतला, आम्ही तो मोठ्या कौतुकाने बसवला. पहिल्या रात्री बॅकअपला आधीइतकाच वेळ लागला, बारा तासांच्या आसपास. सकाळी मला बोलावणे आले तेव्हा माझ्याकडे उत्तर नव्हते. उत्तर सापडायला आठवडा गेला, आणि ते टेपजवळ नव्हतेच. त्या सर्व्हरवर स्कॅन केलेल्या अर्जांच्या चाळीस लाख फायली होत्या, सरासरी २० केबीची एक. सगळ्या मिळून ८० जीबी. नव्या ड्राइव्हला हे पाच मिनिटांचे काम. पण डिस्कवर प्रत्येक फाईल शोधायची, उघडायची, वाचायची, बंद करायची. फिरत्या चकतीच्या डिस्कला एका शोधाला दहा-बारा मिलिसेकंद लागतात, म्हणजे सेकंदाला ८०-९० फायली. नव्वद गुणिले वीस केबी म्हणजे सेकंदाला पावणेदोन-दोन एमबी. तीनशे एमबी खाणाऱ्या यंत्रापुढे आम्ही चमच्याने भात वाढत होतो. फाईल-फाईल वाचणे सोडून अख्ख्या डिस्कची प्रतिमा सलग वाचायला लावली तेव्हा तेच काम तासाभरात आटोपले. टेपला आम्ही हातही लावला नव्हता.

या पुस्तकाला सांगण्यासारखे एकच काही असेल तर ते हे की टेप मंद नसते. ती उपाशी असते. "टेपचा वेग वाढवणे" असे आपण म्हणतो तेव्हा प्रत्यक्षात डिस्क, फायलींची रचना, जाळे, सर्व्हरची स्मृती आणि प्रोग्रामची सवय या पाच-सहा ठिकाणी काम करत असतो. जाळ्याचेच पाहा. कार्यालयांत अजूनही सर्रास दिसणारी एक गिगाबिटची तार सेकंदाला फार तर ११०-११५ एमबी वाहून नेते. २००७ सालच्या चौथ्या पिढीच्या टेपचा वेग १२० होता. म्हणजे साधी गिगाबिट तार एकट्या टेपलाही पुरी पडत नाही ही गोष्ट २००७ पासूनची आहे, आणि डेटा दाबला गेला तर तूट आणखी वाढते. तरीही सातव्या-आठव्या पिढीचा ड्राइव्ह विकत घेऊन त्याच तारेला जोडलेला मी अनेक ठिकाणी पाहिला आहे.

उपायांची चर्चा त्या-त्या प्रकरणात सविस्तर आहे. इथे दोन-तीन ठिकाणी मला माझी बाजू सांगायची आहे, कारण या क्षेत्रात मतभेद आहेत आणि ते वाचकापासून लपवू नयेत.

पहिला वाद मधल्या डिस्कचा. डेटा आधी जलद डिस्कवर जमवावा आणि तिथून टेपवर एका दमात ओतावा, असे एक मत. मधे डिस्क म्हणजे वाढीव खर्च आणि बिघडायला आणखी एक जागा, असे दुसरे. ठाण्यात राहणाऱ्याने पहिल्या बाजूला असावे असे मला वाटते. महानगरपालिकेचे पाणी कमी दाबाने, ठरावीक तास येते. सोसायटी ते आधी तळच्या टाकीत घेते आणि मग पंप लावून गच्चीवर चढवते. थेट नळाच्या लाइनवर पंप लावला तर तो हवा ओढतो आणि जळतो. टेप हा तो पंप आहे. एक सावधगिरी मात्र हवी : तळची टाकी भरत असतानाच पंपही चालू असेल, तर टाकीला दोन्ही कामे झेपली पाहिजेत. एकाच फिरत्या डिस्कवर एकीकडे लिहिणे आणि दुसरीकडे टेपसाठी वाचणे चालू ठेवले की तिचा काटा दोन्हीकडे पळून दमतो. अशा डिस्कने टेप भरवणारे नंतर डिस्कच्या नावाने बोटे मोडतात.

दुसरा वाद वेणीचा. एक सर्व्हर टेपला पुरत नसेल तर आठ सर्व्हरांचा डेटा एकत्र गुंफून एका टेपवर लिहिता येतो. बॅकअप झकास पळतो, अहवाल हिरवा येतो. पण एका सर्व्हरचा डेटा परत हवा असेल तेव्हा ती वेणी उलगडावी लागते, आठ पदर वाचून सात टाकून द्यायचे. रात्री वाचवलेला वेळ संकटाच्या दिवशी व्याजासकट जातो. मी चार पदरांच्या पुढे जात नाही. मधली टाकी असेल तर वेणी घालतच नाही. बॅकअप विकणाऱ्यांच्या तक्त्यांत बॅकअपचाच वेग छापलेला असतो. रिस्टोरचा आकडा विचारून पाहा, खोलीत थोडी शांतता पसरते.

तिसरी गोष्ट वादाची नाही, आळसाची आहे. टेपवर डेटा ठोकळ्यांत लिहिला जातो. युनिक्सच्या 'टार' या जुन्या हुकमाचे नावच टेपच्या दप्तरावरून आले आहे, आणि त्याचा ठोकळा कोणी बदलला नाही तर १०,२४० बाइटचा असतो. ३६० एमबीचा ड्राइव्ह पळता ठेवायचा तर असे पस्तीस हजार ठोकळे दर सेकंदाला पोचवावे लागतील. जांभळी नाक्यावरून तांदळाचे पोते उचलायचे सोडून पाव-पाव किलोच्या पुड्या नेण्यासारखे हे आहे, प्रत्येक पुडीला वेगळी पावती. ठोकळा २५६ केबी केला की पावत्या चौदाशेच्या आत येतात. फक्त नवा ठोकळा वही-रजिस्टरात नोंदवून ठेवा आणि वाचणाऱ्या यंत्रालाही तो पेलतो का ते आधी तपासा. पाच वर्षांनी टेप वाचायला बसलेल्या माणसाला ठोकळ्याचा आकार ठाऊक नसला की तो पहिली शंका टेप खराब असल्याची घेतो.

मोजमापावर एक पूर्ण प्रकरण दिले आहे आणि माझी विनंती आहे की ते गाळू नये. कुठे अडते हे कळल्याशिवाय काहीही विकत घेऊ नका. डिस्क एकटी किती देते, तार एकटी किती वाहते, टेप एकटी किती घेते, हे वेगवेगळे मोजायचे आणि सर्वांत लहान आकडा शोधायचा. सांगायला सोपे, पण यातही खड्डे आहेत. टेपचा वेग पाहण्यासाठी शून्यांनी भरलेली फाईल तिच्यावर लिहिणारे बरेच भेटतात. ड्राइव्ह आतल्या आत डेटा दाबून लिहितो, आणि शून्यांइतके दाबले जाणारे काही नाही, त्यामुळे आकडा अफाट येतो आणि सगळे खूश होतात. उलट बाजूने, डिस्कचा वेग मोजण्यासाठी ग्नू टारचे तोंड थेट रिकाम्या उपकरणाकडे वळवले तर तो शहाणा प्रोग्राम लिहायचे कुठेच नाही हे ओळखतो आणि फायलींचा मजकूर वाचतच नाही. काही सेकंदांत काम झाले असे दाखवतो. मी स्वतः या खड्ड्यात पडलो आहे आणि त्या आकड्याच्या भरवशावर एका बैठकीत बोललोही आहे. मधे एक नळी जोडून डेटा तिच्यातून जाऊ दिला की खरा आकडा कळतो.

दाबण्याबद्दलही एक शब्द. टेपच्या खोक्यावर मोठ्या अक्षरांत छापलेली क्षमता ही डेटा अडीच पट दाबला जाईल हे गृहीत धरून असते. फोटो, चित्रफिती, स्कॅन केलेले कागद आधीच दाबलेले असतात, ते आणखी दबत नाहीत. डेटा टेपकडे पाठवण्याआधी कुलूपबंद केला तर तोही दबत नाही. कुलूप लावायचेच असेल तर चौथ्या पिढीपासून ड्राइव्हमध्येच त्याची सोय आहे, तो आधी दाबतो आणि मग कुलूप लावतो.

वेगाची ही चर्चा कारकुनी वाटत असेल तर एकदा खोडदला जाऊन यावे. कल्याण, मुरबाड, माळशेज घाट, आळेफाटा असे गेले की नारायणगावाजवळ जीएमआरटीच्या ४५ मीटर व्यासाच्या ताटल्या दिसू लागतात. गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेतून उभ्या राहिलेल्या या दुर्बिणीत अशा तीस ताटल्या आहेत आणि त्यांचा पसारा २५ किलोमीटरपर्यंत जातो. तिच्या निरीक्षणांचा डेटा वर्षानुवर्षे टेपवर जपला गेला, आधी लहान डॅट टेपवर आणि पुढे एलटीओवर. एप्रिल २०१० ते मार्च २०१२ या काळात तिने १५० मेगाहर्ट्झवर आकाशाचे दोन हजार तासांहून अधिक निरीक्षण केले. पुढे नव्या पद्धतीने तो मूळ डेटा पुन्हा तपासून २०१७ मध्ये सहा लाखांहून अधिक रेडिओ स्रोतांची यादी प्रसिद्ध झाली. निरीक्षण करणाऱ्यांना हवे होते त्याहून जास्त त्या डेटात होते, आणि ते काढायला दुसरी माणसे, दुसरे गणित आणि पाच वर्षे लागली. मूळ डेटा जागेवर होता म्हणून हे जमले. बॅकअप आणि जतन यांत पाठ्यपुस्तके फरक करतात, तो बरोबरच आहे. टेप लावणाऱ्या माणसाला मात्र आपण दोहोंपैकी काय करतो आहोत हे त्या रात्री कळतेच असे नाही.

हवामानाचे प्रकरण परदेशी पुस्तकांत दोन ओळींत उरकते. इथे ते मोठे आहे. टेप दीर्घकाळ ठेवायची तर १६ ते २५ अंश तापमान आणि २० ते ५० टक्के आर्द्रता असावी असे उत्पादक सांगतात. जुलैतल्या ठाण्यात हवेतली आर्द्रता कित्येकदा ऐंशीच्या पुढे असते. भर पावसात टेपची पेटी गाडीतून आणून लगेच ड्राइव्हमध्ये घालू नये, तिला खोलीच्या हवेत दिवसभर रुळू द्यावे. नवव्या पिढीची कोरी टेप पहिल्यांदा घातली की यंत्र तिचे माप घेत बसते, सरासरी चाळीस मिनिटे, कधी दोन तासही. हे ठाऊक नसलेला नवखा मुलगा ड्राइव्ह अडकला समजून रात्री दोनला साहेबांना फोन करतो. कोऱ्या टेपांचे हे माप दिवसाउजेडी उरकून ठेवावे.

पेट्यांवरून आठवले. नवव्या पिढीच्या वीस टेपांची पेटी म्हणजे ३६० टीबी. ती माजिवड्याहून गाडीत घालून चार तासांत पुण्याला पोचवली तर सेकंदाला २५ जीबी डेटा गेला असे होते. इतकी रुंद तार फार थोड्यांकडे असते. हा हिशेब सांगून टेपवाले टाळ्या घेतात. त्या वीस टेपा चार ड्राइव्हवर लिहायला साडेबासष्ट तास लागले होते, हे ते सांगत नाहीत.

भाषेविषयी. शासकीय परिभाषेत डेटाला 'विदा' म्हणतात. शब्द लहान आहे, चांगला आहे, पण आमच्या रात्रपाळीतल्या पोरांना तो ऐकला की निरोपसमारंभ आठवायचा. मी डेटाच ठेवला. टेप, ड्राइव्ह, बफर, रिस्टोर हेही तसेच ठेवले आहेत. ज्यांच्यासाठी लिहितो ते हेच शब्द बोलतात आणि रात्री अडीच वाजता पडद्यावर हेच शब्द लाल होतात.

पुस्तक वाचायला गणिताची भीती नको, गुणाकार-भागाकार पुरतो. संगणकशास्त्राची पदवी नसली तरी चालेल. पहिली तीन प्रकरणे क्रमाने वाचावीत, पुढची गरजेप्रमाणे उघडावीत. ढगात डेटा ठेवणाऱ्यांनी नववे प्रकरण आधी वाचले तरी हरकत नाही. त्या ढगाखालीही पुष्कळदा टेपच असते. फेब्रुवारी २०११ मध्ये एका प्रोग्राममधल्या चुकीने हजारो लोकांची जीमेल खाती रिकामी झाली तेव्हा गूगलने ती टेपवरूनच परत आणली होती, कारण चुकीचा प्रोग्राम डिस्कवरच्या सगळ्या प्रतींपर्यंत पोचला होता, कपाटातल्या टेपपर्यंत नाही.

पहिले प्रकरण उघडण्याआधी एक काम करा. तुमच्या कपाटातली सर्वांत जुनी टेप काढा, तिच्यावरची कोणतीही एक फाईल परत आणा, आणि टेप हातात घेतल्यापासून फाईल उघडेपर्यंत किती वेळ गेला तो याच पानाच्या समासात तारखेसह लिहून ठेवा. फाईल आलीच नाही, तर तेही लिहा.

माजिवडा, ठाणे